पिन तर बसते, पण आकडा खरा का?

२०२० पूर्वी 'पल्स ऑक्सिमीटर' हा शब्द आपल्या हॉस्टेलवर इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना तेवढा माहीत होता, आणि तोही परीक्षेपुरता. मग कोरोना आला. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि आशाताई थर्मल गन व ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरू लागल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची झळ राज्यात सुरुवातीला ज्या भागांना लागली त्यांत आपले अमरावती-अकोला होते. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. त्या दिवसांत गावाकडच्या आजीलाही '९४ च्या खाली आला तं दवाखाना' एवढे पाठ झाले होते.

ह्या लेखाचा विषय मात्र बोटाला लावायची ती डबी नाही. त्या डबीत दिवे, प्रकाश मोजणारा डायोड आणि हिशेब करणारी चिप हे सारे एकाच कारखान्यात एकमेकांसाठी जुळवून बसवलेले असते. मॉनिटरचा संसार वेगळा आहे. खाटेच्या डोक्याशी जो मल्टिपॅरा मॉनिटर असतो (ईसीजी, बीपी, तापमान, ऑक्सिजन सगळे एका पडद्यावर दाखवणारा) तो एका कंपनीचा असतो. त्याच्या पोटातला ऑक्सिजन मोजणारा बोर्ड पुष्कळदा दुसऱ्या कंपनीचा असतो. बोटाला लावायचा प्रोब कालांतराने तिसऱ्याच कंपनीचा येतो. हे तिघे एकमेकांना ओळखतात का, हा आपला प्रश्न.

वाचणाऱ्याला वाटेल, यात काय एवढे? पिन जुळली, लाल दिवा लागला, आकडा आला, झाले काम! गंमत अशी की जो प्रोब मुळीच चालत नाही तो फारसा धोकादायक नसतो. पडद्यावर 'चेक प्रोब' येते, बझर वाजतो, सिस्टर दुसरा प्रोब आणतात. भीती आहे ती 'जवळपास' चालणाऱ्या प्रोबची. तो आकडा देतो, लाटही सुरेख काढतो, आणि आकडा चुकलेला असतो.

आकडा येतो कुठून?

थोडा इतिहास. जपानमधील निहोन कोडेन कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळेच काही मोजत होते. रक्तात रंग सोडून, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, हृदय दर मिनिटाला किती रक्त फेकते ते काढायचे, असा प्रयोग होता. त्यात नाडीचा प्रत्येक ठोका सिग्नलमध्ये लुडबुड करी. ही लुडबूड पुसून टाकण्याच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आले की जो भाग ठोक्याबरोबर हलतो तो केवळ धमनीतल्या रक्ताचा असतो. कातडी, हाड, शिरेतले रक्त हे सारे स्थिर. म्हणजे जिला आपण नॉईज म्हणून शिव्या देत होतो तीच कामाची वस्तू! १९७४ मध्ये त्यांनी हे तत्त्व मांडले. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेत नेलकॉर कंपनीचे एन-१०० हे यंत्र आले आणि ऑपरेशन थिएटरांत ऑक्सिमीटर रुळला. आओयागी यांचे निधन एप्रिल २०२० मध्ये झाले, सारे जग ऑक्सिमीटरसाठी दुकाने धुंडाळत होते नेमक्या त्याच महिन्यात.

तत्त्व सोपे आहे. प्रोबमध्ये दोन एलईडी असतात, एक लाल (साधारण ६६० नॅनोमीटर) आणि एक इन्फ्रारेड (कंपनीनुसार साधारण ८९० ते ९४० नॅनोमीटर). ते आळीपाळीने लागतात. समोर एक फोटोडायोड. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त गिळते, ऑक्सिजन असलेले कमी. इन्फ्रारेडला उलटे. लाल प्रकाशाचा ठोक्याबरोबर हलणारा भाग भागिले त्याचा स्थिर भाग, हे एक गुणोत्तर. इन्फ्रारेडचे तसेच दुसरे. पहिल्याला दुसऱ्याने भागा, येते त्याला 'आर' म्हणतात. पाठ्यपुस्तकातले ढोबळ सूत्र असे :

एसपीओटू = ११० − २५ × आर

आर ०.५ आला तर ९७.५ टक्के, १ आला तर ८५ टक्के. (जाता जाता : नुसता गोंधळ असला, लाल आणि इन्फ्रारेड दोन्हीत सारखीच ढवळाढवळ असली, तर आर १ च्या आसपास जातो. म्हणून वाईट सिग्नलवर ८५ चा आकडा घुटमळताना दिसला की संशय घ्यावा.)

खरे मॉनिटर हे सूत्र वापरत नाहीत. त्यांच्या मेमरीत एक तक्ता असतो. तो कागदावर बसून तयार होत नाही. निरोगी स्वयंसेवकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांचे प्रमाण पायरीपायरीने ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात, प्रत्येक पायरीवर धमनीतले रक्त काढून को-ऑक्सिमीटरवर तपासतात आणि त्या वेळचा आर टिपून ठेवतात. तक्ता असा माणसांच्या रक्तावर बनतो, आणि तो बनतो तेव्हा बोटावर एक विशिष्ट प्रोब असतो. म्हणून तो तक्ता त्या प्रोबच्या एलईडींचा तक्ता असतो. दुसरा एलईडी लावला की तक्ता परका झाला.

दहा नॅनोमीटरने काय होते

एलईडी काही लेझर नव्हे. एकाच खोक्यातले दोन लाल एलईडी घेतले तरी त्यांची तरंगलांबी काही नॅनोमीटरने वेगळी निघते. एरवी कुणाला फरक पडतो? दिवाळीच्या माळेला तर मुळीच नाही. पण ६६० च्या आसपास ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचा वक्र भलताच उताराचा आहे. प्रचलित तक्त्यांत त्याचा मोलर शोषणांक ६५० ला सुमारे ३७५०, ६६० ला ३२२७ आणि ६७० ला २७९५ आहे. म्हणजे वीस नॅनोमीटरमध्ये एक चतुर्थांश घसरण.

हे आकडे घेऊन आम्ही एक साधा हिशेब केला. बियर-लॅम्बर्टचा नियम, इन्फ्रारेड ९४० धरले, आणि मॉनिटरचा तक्ता ६६० साठी बनला आहे असे मानले. कॅल्क्युलेटर घेऊन कुणीही पडताळून पाहावा. आता प्रोबमधला लाल एलईडी प्रत्यक्षात ६७० चा निघाला तर?

खरे ९७ असताना पडद्यावर ९८. खरे ९० असताना ९२. खरे ८० असताना ८३. खरे ७० असताना ७४.

एलईडी ६५० चा निघाला तर उलट : ९७ चे ९५, ९० चे ८७, ८० चे ७६.

हे आकडे दोनदा वाचा, कारण सगळा लेख ह्या दोन ओळींत आहे. नवीन प्रोब आला की आपण काय करतो? आधी स्वतःच्या बोटाला लावतो. सिस्टरही तेच करतात, इंजिनिअरही तेच करतो, विकणारा तर हसत हसत करून दाखवतो. ९८ येतो. 'पाहा साहेब, ओके!' परंतु निरोगी बोटावर चूक एका टक्क्याची आहे, ती कुणाच्या बापाला दिसणार नाही. माणूस जसजसा अत्यवस्थ होत जातो तसतशी चूक वाढत जाते. म्हणजे ही चाचणी नेमकी अशा जागी घेतली जाते जिथे प्रोबची चूक लपते, आणि प्रोब वापरला जातो तिथे ती उघडी पडते. परीक्षा पहिलीच्या पुस्तकावर आणि नोकरी कलेक्टरची, असा हा प्रकार.

कुणी म्हणेल, दोन-तीन टक्क्यांनी काय बिघडते? मेळघाटातून अमरावतीला आणलेले अपुऱ्या दिवसांचे बाळ डोळ्यांपुढे आणा. असे बाळ ऑक्सिजनवर असताना त्याचे प्रमाण साधारण ९० ते ९५ च्या पट्ट्यात ठेवायचा प्रयत्न असतो. पट्टा अवघा पाच टक्क्यांचा. ऑक्सिजन कमी पडला तर जिवाला धोका. जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, आणि त्या आजाराने दृष्टी जाऊ शकते. आता प्रोब वरचा आकडा दाखवणारा असेल तर खरे ८८ असताना पडद्यावर ९० दिसेल. सिस्टर निश्चिंत. खालचा दाखवणारा असेल तर ९० चे ८७ दिसतील, सिस्टर ऑक्सिजन वाढवतील, आणि त्यांचे काहीही चुकलेले नसेल.

यावर मोठ्या माणसाची क्लिप बाळाच्या पायाला लावली तर आणखी एक घोळ. एलईडी आणि डायोड समोरासमोर राहत नाहीत, थोडा प्रकाश पायातून न जाता बाजूनेच डायोडवर पोहोचतो. बाळासाठी गुंडाळायचा प्रोब वेगळा असतो तो उगाच नव्हे.

आणि हे सारे, योग्य प्रोबची स्वतःची चूक वगळून. ह्या यंत्रांसाठी आयएसओ ८०६०१-२-६१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार ७० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात चुकीचे वर्गमध्यमूळ ४ टक्क्यांच्या आत असले पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतले खरे प्रमाण ८८ च्या खाली असण्याची वेळ गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के नोंदींत आली आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. कापसाच्या शेतात उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या माणसांच्या बोटाला जो प्रोब लागतो त्याचा विचार करताना हे विसरून चालणार नाही. आधीच मार्जिन कमी आहे, त्यात बेजोड प्रोबची भर कशाला?

रेझिस्टरची गोष्ट

नेलकॉरच्या अभियंत्यांनी एलईडीच्या ह्या फरकावर एक सुरेख तोड काढली होती. सगळे एलईडी सारखे करणे महाग, मग प्रत्येक प्रोबमध्ये एक छोटा रेझिस्टर घातला. त्याची किंमत एलईडीच्या तरंगलांबीनुसार निवडलेली. मॉनिटर आधी तो रेझिस्टर मोजतो आणि त्यावरून कोणता तक्ता वापरायचा ते ठरवतो. चार आण्याचा रेझिस्टर, काम ओळखपत्राचे! ह्याला आर-कॅल म्हणत. दुसऱ्या काही कंपन्यांनी, उदाहरणार्थ नोनिनने, वेगळा रस्ता धरला : एलईडीच निवडून घ्यायचे, ओळखपत्राची भानगड नको.

आता खरी मेख. नेलकॉरच्या जुन्या पद्धतीच्या प्रोबचा कनेक्टर म्हणजे नऊ पिनांचा डीबी-९. तोच, आपल्या जुन्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सीरियल पोर्टला असायचा तो. नोनिननेही डीबी-९ वापरला, पण पिनांची वाटणी वेगळी. आकार सारखा, धर्म वेगळा. एसटी महामंडळाच्या सगळ्या लालपऱ्या सारख्याच दिसतात, म्हणून अकोल्याची पाटी न पाहता परतवाड्याच्या गाडीत बसावे असे होते का?

आणि आर-कॅलचा रेझिस्टर बसतो कुठे? बहुतेक त्या कनेक्टरच्या टोपणातच. प्रोबचा सर्वात आधी तुटणारा भाग कोणता? तोही कनेक्टर, किंवा त्याच्या मानेजवळची केबल. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याच भागातल्या एका रुग्णालयात ट्रेनिंगला असताना आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. तिथले टेक्निशियन काका हाताचे अत्यंत कुशल. तुटलेले टोपण कापून टाकायचे, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून नवा डीबी-९ आणायचा, सोल्डर करायचा, वरून हीट श्रिंक. काम इतके स्वच्छ की आमच्या वर्कशॉपच्या सरांनी दहापैकी दहा दिले असते.

'काका, जुन्या टोपणात एक रेझिस्टर होता ना?'

'होता ना बाबू. पण तो कायले पाह्यजे? दिव्याले दोन तार, डायोडले दोन तार. वरून त्या रेझिस्टरबिगर हा मॉनिटर प्रोबच ओयखत नाही, म्हनून मी आपला एक दुसरा टाकून देतो. मंग चालते.'

'मंग चालते' हे दोन शब्द कानात राहिले. मॉनिटरने ओळखपत्र मागितले, काकांनी दुसऱ्याच माणसाचे दाखवले. काकांना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. त्यांच्या हातात सर्व्हिस मॅन्युअल नव्हते, नवा प्रोब मागितला तर कागद किती टेबलांवरून फिरणार ते ठाऊक होते, आणि वॉर्डात रुग्ण होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी कचऱ्याच्या डब्यातून जुने टोपण शोधले, मूळ रेझिस्टर मोजला, तो नव्या कनेक्टरमध्ये परत घातला. काका म्हणाले, 'हे आधी कोनी सांगतलंच नाही बाप्पा.' पण हेही खरे की अशी दुरुस्ती तात्पुरतीच समजावी. मानकाच्या दृष्टीने सांधलेल्या प्रोबची अचूकता आता कुणीच हमीवर सांगू शकत नाही.

तारांचा आणखी एक घोटाळा अभ्यासासाठी छान आहे. काही प्रोबमध्ये दोन एलईडी उलटसुलट जोडून दोनच तारांवर चालवतात : एका दिशेने करंट गेला की लाल, उलट दिशेने गेला की इन्फ्रारेड. दुरुस्तीत ह्या दोन तारांची अदलाबदल झाली तर मॉनिटर लालला इन्फ्रारेड समजतो आणि आर च्या जागी १ भागिले आर येतो. निरोगी माणसाचा आर ०.५, तो होतो २, आकडा ६०. बोंबाबोंब होईल, ठीक. पण खरे ७५ असलेल्या रुग्णाचा आर १.४ असतो. तो उलटला की ०.७१, आणि पडद्यावर ९२! ८५ असलेल्याला मात्र ८५ च दिसतील, कारण १ चा व्यस्त १ च. व्हायव्हाला विचारण्यासारखा प्रश्न आहे. सरांनी नोंद घ्यावी.

दुसऱ्या काही प्रोबमध्ये तीन तारा असतात, एक सामाईक. तीन तारांचा प्रोब दोन तारांच्या मॉनिटरला जमत नाही, एलईडीचा करंट कुठल्या कुठे जातो. एका कंपनीचा प्रोब दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडल्याने रुग्णाचे बोट भाजल्याच्या नोंदी १९९० च्या सुमारास भूलशास्त्राच्या नियतकालिकांत आल्या आहेत. भूल दिलेला माणूस 'चटका बसतो' असे सांगणार तरी कसे?

कंपन्यांचे राजकारण

आर-कॅलचे पेटंट नोव्हेंबर २००३ मध्ये संपले. म्हणजे त्यानंतर कुणीही स्वस्तात सुसंगत प्रोब बनवू शकत होता. पण तोवर कंपनीने ऑक्सिमॅक्स नावाची नवी पद्धत आणली होती. तीत रेझिस्टरऐवजी प्रोबमध्येच मेमरी चिप, आणि मॉनिटर त्या चिपमधून माहिती वाचणार. जुन्या पद्धतीचे मॉनिटर विकणे बंद केले. अमेरिकेतील काही रुग्णालयांनी कोर्टात धाव घेतली, की हे सारे स्वस्त प्रोबवाल्यांना बाहेर ठेवण्यासाठी आहे. २०१० मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला : नवी पद्धत ही सुधारणा आहे, आणि सुधारणा करणे हा गुन्हा नाही.

आमचे मत विचाराल तर दोन्ही पक्षांत थोडे थोडे खरे आहे. तक्ता प्रोबच्या चिपमध्येच ठेवणे हे तांत्रिकदृष्ट्या उत्तमच, नव्या एलईडीसाठी जुना मॉनिटर बदलावा लागत नाही. पण तीच चिप कुलूपही होते, आणि किल्ली एकाच दुकानात मिळते. अमेरिकेत रुग्णालये कोर्टात गेली. आपल्याकडे काय होते? दिल्लीच्या भगीरथ पॅलेसमधून 'सर्व मॉनिटरला चालेल' असा प्रोब येतो.

शिवाय कंपन्याही हात बदलत राहतात. नेलकॉर १९९७ मध्ये मॅलिनक्रोटकडे, तिथून २००० मध्ये टायकोकडे, २००७ मध्ये तिचे नाव कोविडियन, २०१५ पासून मेडट्रॉनिक. आपल्याकडे एल अँड टी चे मॉनिटर सर्वत्र दिसत. त्यांनी तो व्यवसाय २०१२ मध्ये म्हैसूरच्या स्कॅनरेला विकला. मॉनिटर आठ-दहा वर्षे चालतो, प्रोब फार तर वर्ष-दोन वर्षे. मधल्या काळात पाटी बदललेली, एजंट बदललेला, मॅन्युअल कुणाच्या तरी कपाटात. मॉनिटर येतात मोठ्या खरेदीतून (सरकारी असतील तर पूर्वी हाफकिनमार्फत, आणि त्यासाठी २०२३ मध्ये राज्याने वेगळे खरेदी प्राधिकरण स्थापले), काही कोरोनात दानातून आलेले. प्रोब मात्र लागेल तसा, मिळेल तिथून. अकोल्याचे सर्वोपचार असो, अमरावतीचे इर्विन असो की एखादे वीस खाटांचे खासगी हॉस्पिटल, मोठ्या दवाखान्यात एकाच वॉर्डात तीन पद्धतींचे मॉनिटर असू शकतात, ह्यात नवल नाही. केंद्राने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला, त्यासाठी देशभरातल्या सुमारे २९ हजार सरकारी आरोग्यसंस्थांतील साडेसात लाखांवर उपकरणे मोजली गेली. राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. पण ती मोजणी बंद उपकरणांची होती. चालू असून चुकीचे सांगणारे उपकरण अशा मोजणीत 'चालू' ह्याच रकान्यात जाते.

मग ओळखायचे कसे?

मॉनिटरवरच्या मोठ्या नावाकडे पाहू नका, प्रोब खोचायच्या सॉकेटजवळचे छोटे चिन्ह पाहा. एकाच मॉडेलचा मॉनिटर कंपनी स्वतःच्या बोर्डसह, नेलकॉरच्या बोर्डसह किंवा मासिमोच्या बोर्डसह विकते. बाहेरून रंगरूप एकच. 'माइंडरेचा प्रोब द्या' ही मागणी म्हणूनच अर्धवट आहे. कोणता बोर्ड, हे सांगितल्याशिवाय दुकानदाराने प्रोब देऊ नये आणि आपण घेऊ नये.

मानकात एक गोष्ट स्पष्ट आहे. प्रोब बनवणाऱ्याने तो कोणकोणत्या मॉनिटरबरोबर तपासला त्याची माहिती दिली पाहिजे, आणि वापरणाऱ्याने वापरण्यापूर्वी मॉनिटर, प्रोब आणि मधली एक्स्टेंशन केबल ह्यांची जोडी जुळते का ते पाहिले पाहिजे. मधली केबल हा शब्द लक्षात ठेवा. अदलाबदल बहुधा तिथेच होते. 'ऑल मॉनिटर' लिहिलेल्या पाकिटाला यादी म्हणत नाहीत. मॉडेलनिहाय यादी लेखी मागावी. देत नसेल तर त्याचे कारण उघड आहे.

सिम्युलेटर ही पेटी लावून '९० सेट केले, ९० आले, पास' असे प्रमाणपत्र मिळते, त्यावरही फार विसंबू नये. तेच मानक सांगते की अशा टेस्टरने प्रोबची अचूकता ठरवता येत नाही. साहजिक आहे : तरंगलांबीचा आणि हिमोग्लोबिनचा संबंध रक्तात असतो, प्लास्टिकच्या बोटात नव्हे. आयसीयूत धमनीतल्या रक्ताचा नमुना तसाही तपासायला जातो. त्याच मिनिटाचा पडद्यावरचा आकडा त्या कागदावर लिहून ठेवला, आणि लॅबमध्ये को-ऑक्सिमीटर असला, तर महिन्याभरात कोणत्या खाटेचा प्रोब सतत वर किंवा खाली दाखवतो ते कळू शकते. ह्याला खर्च पेनाच्या शाईचा. आणि मॉनिटर व त्याचा प्रोब दोघांना एकाच रंगाची टेप, म्हणजे रात्रपाळीत चार क्रमांकाचा प्रोब नऊ क्रमांकाला जाणार नाही.

आता फायनल इयरवाल्यांसाठी. दरवर्षी ऑर्डुइनो आणि मॅक्स ३०१०० चे सेन्सर लावून ऑक्सिमीटर बनवणारे चार तरी ग्रुप असतात, आणि चारही रिपोर्टांत 'अचूकता ९९ टक्के' असते (कुणाच्या बोटावर, ते लिहिलेले नसते). आणखी एक ऑक्सिमीटर नको. सगळ्या प्रोबना सगळ्या मॉनिटरशी जोडणारा 'युनिव्हर्सल ॲडॅप्टर' तर मुळीच नको, त्याने आपण काकांचाच रेझिस्टर छापील सर्किट बोर्डवर बसवू.

त्यापेक्षा प्रोब ओळखणारी पेटी करा. डीबी-९ मध्ये प्रोब खोचला की पेटीने मर्यादित करंट सोडून तपासावे : एलईडी दोन तारांवर आहेत की तीन, प्रत्येकाचा फॉरवर्ड व्होल्टेज किती, फोटोडायोड कोणत्या पिनांवर, शील्ड तुटलेली आहे का, आणि आर-कॅल असेल तर (नेलकॉरच्या जुन्या प्रोबमध्ये तो १ आणि ६ ह्या पिनांमध्ये मिळतो) त्याची किंमत काय. पडद्यावर आकडा टक्क्यांचा नको, 'हा प्रोब अमुक पद्धतीचा, रेझिस्टर गायब' एवढेच यावे. एखादा छोटा स्पेक्ट्रोमीटर मिळाला तर लाल एलईडीची तरंगलांबीही मोजता येईल. फिजिक्सच्या लॅबमधल्या ग्रेटिंगने निदान ६५० आणि ६७० मधला फरक दिसायला हरकत नाही. इन्फ्रारेड लागतो की नाही हे तर मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातूनही बहुधा दिसते, फिकट जांभळा ठिपका.

साहित्याची अडचण नाही. कोणत्याही दवाखान्याच्या स्टोअरमध्ये तुटक्या प्रोबचा एक डबा असतो, आणि मागितला तर लोक आनंदाने देतात. आमच्याकडे सध्या अकरा प्रोब जमले आहेत, पैकी सातांची टोपणे कुणीतरी बदललेली आहेत. त्या सातांपैकी पाचांत रेझिस्टर नाही, आणि उरलेल्या दोनांत नेमकी एकच किंमत आहे, १० किलो-ओहम. दुकानात सगळ्यात सहज मिळतो तोच.